दोन समुद्रांचं पाणी

मुळशी धरणाचं पाणी दोन समुद्रांना जातं. धरणाच्या दारांतून खाली सुटतं ते मुळेच्या पात्रातून पौड, घोटवडे, माण, हिंजवडी करत आमच्या महाळुंग्याच्या कडेनं वाहतं, पुण्यात मुठेला मिळतं आणि पुढे भीमा, कृष्णा अशी नावं पालटत बंगालच्या उपसागराला लागतं. पण धरणात साठवलेलं बहुतेक पाणी उलट्या दिशेला वळवलेलं आहे. ते बोगद्यातून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत येतं, मोठमोठ्या नळांतून सुमारे 500 मीटर खाली कोकणात भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथली चाकं फिरवून बाहेर पडतं आणि कुंडलिकेत मिसळून कोलाड, रोहा मागे टाकत रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्रात शिरतं.

नकाशावर बोट फिरवताना हे मला नीट समजलं, आणि तेव्हापासून रेवदंडा-चौलचा भाग माझ्यासाठी परका राहिला नाही. शनिवार-रविवार जोडून कुठे जायचं असा विषय घरात निघाला की मी तेच नाव घेते. याहून देखणे किनारे कोकणात पुष्कळ आहेत. दिवेआगरची लांबच लांब वाळू किंवा तारकर्लीचं नितळ पाणी बघितलेल्याला रेवदंड्याचा करडा किनारा साधाच वाटेल. पण तिथे जाऊन जो निवांतपणा मिळतो तो मला दुसरीकडे मिळत नाही, आणि तो का मिळतो याचा विचार मी बरेच दिवस करते आहे.

त्याचं अर्धं उत्तर महाळुंग्यात आहे. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरामागे शेतं होती. त्याआधी 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला लागून क्रीडासंकुल उभं राहिलेलं होतं. मग नदीपलीकडे हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि या दोहोंच्या मधल्या पट्ट्याला भाव आला. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत गेलं. आता गच्चीत उभं राहिलं की उंच क्रेनच्या लाल दिव्यांची रांग दिसते, आणि रात्री काँक्रीटच्या गाड्यांची घरघर झोपेतसुद्धा ओळखू येते. सासूबाईंना अजून जुन्या बांधांवरून पत्ता सांगायची सवय आहे. त्या चिंचेपाशी म्हणतात तिथे आता एका टोलेजंग संकुलाचं फाटक आहे.

गाव वाढू नये असं मी म्हणत नाही. याच वाढीवर आमच्या घरातल्या मुलांची शिक्षणं झाली. पण गावाचं शहर होताना रोज बघत राहणं माणसाला थकवतं. काल होतं ते आज नसतं, आणि आज आहे ते किती दिवस टिकेल याची खात्री नसते. चौलला याच्या उलट घडलेलं आहे. तिथे शहराचं गाव झालं. घडायचं ते सगळं घडून गेलं, त्यावर माडा-पोफळींची सावली पडली आणि त्यालाही आता पिढ्यानपिढ्या लोटल्या.

यंदा माघात आम्ही गेलो तेव्हा सासूबाई बरोबर होत्या. नांदे-चांदे करत आम्ही पौड रस्त्याला लागलो. मुळशीचं पाणी दिसायला लागलं तशी त्यांनी काच खाली घेतली आणि हात जोडले. त्यांच्या आजीचं माहेर त्या पाण्याखाली आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांच्या वीज कंपनीनं इथे धरण बांधायला घेतलं, आणि मुळशी पेट्यातली 52 गावं त्यात जाणार असं ठरलं. 1921 च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती हे नाव याच लढ्यानं दिलं आणि पुढे सात वर्षांचा तुरुंगवासही याच लढ्यापायी त्यांच्या वाट्याला आला. धरण झालंच. धरणांमुळे उठवल्या जाणाऱ्या माणसांच्या लढ्यांचा आपल्याकडचा इतिहास या खोऱ्यातून सुरू होतो. तरी तलावाकाठी भजी-मक्याच्या टपऱ्यांपाशी उभ्या राहणाऱ्या गर्दीला त्याचा पत्ता असेल असं वाटत नाही. सासूबाईंची आजी उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाशी जाऊन बसायची आणि तळाच्या दिशेनं बोट दाखवत घरांची नावं घ्यायची. ती नावं सासूबाईंना अजून पाठ आहेत. गाडी पुढे जात होती आणि त्या ती म्हणत होत्या.

ताम्हिणीचा घाट माघात पिवळा असतो. पावसाळ्यात इथे माणसांचा पूर लोटतो. आता वाळलेलं गवत, मधूनच फुललेला एखादा पांगारा आणि आमच्यासारख्या थोड्या गाड्या. विळ्याला उतरलो की हवा जड होते आणि अंगातला लोकरी कपडा नकोसा वाटायला लागतो. तिथून सुतारवाडीच्या रस्त्यानं कोलाड. कोलाडच्या अलीकडे कुंडलिका भेटली तेव्हा रबरी होड्यांतून तरुण मुलं-मुली ओरडत, भिजत खाली चालली होती. या खेळाची वेळ भिऱ्यावर ठरते. तिथे वीज तयार करायला पाणी सोडलं की नदी खळाळते, नाहीतर माघात तिला एवढं पाणी कुठून असणार! नवऱ्यानं गाडी बाजूला घेतली आणि आईला सांगितलं की हे मुळशीचंच पाणी आहे. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“म्हणजे आमच्याकडचंच की,” त्या म्हणाल्या. आणि मग, “खेळताहेत पोरं. बरं झालं.”

त्या ‘बरं झालं’ची मला अपेक्षा नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं तर चेहऱ्यावर कडवटपणा अजिबात नव्हता. पाणी कुणाच्या तरी उपयोगी पडतंय, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

रोह्याला धाटावची कारखान्यांची वसाहत लागते. तिथून पुढे रस्ता नदीची साथ थोडी सोडतो, थोडी धरतो. नदीची खाडी कधी होते हे नेमकं सांगता येत नाही. काठाला तिवरं दिसायला लागतात आणि पाण्याचा रंग मळकट होतो तेव्हा ती झालेली असते. साळावला लोखंडाचा कारखाना आणि त्याचा धक्का दिसतो. मग पूल येतो. पुलावरून डावीकडे कोर्लईचा डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो, समोर रेवदंड्याचे माड, आणि दोहोंच्या मधून ते पाणी बाहेर पडतं. पूल संपला की थोड्याच वेळात रस्ता किल्ल्याची तटबंदी ओलांडून आत जातो. रेवदंड्याचा निम्मा गाव किल्ल्यात राहतो असं म्हटलं तरी चालेल. तटाच्या आत घरं आहेत, विहिरी आहेत आणि वाड्या आहेत.

आम्ही एका वाडीत उतरतो. पुढे ओटा, मग पडवी, मागे पोफळी, माड, मधूनमधून जायफळ आणि मिरवेल. वाडीचे मालक काका आणि काकू दोघंच घरात असतात. मुलगा नवी मुंबईला. अंगणात असोली सुपारी वाळत घातलेली होती. तिला सुमारे चाळीस दिवसांचं ऊन लागतं आणि त्या काळात घरातलं कुणी ना कुणी सकाळ-संध्याकाळ ती वरखाली करत असतं. पूर्वी रहाटानं पाणी काढायचे; आता पंप आहे, पण पाणी पाटातूनच फिरतं आणि एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवायला खोऱ्यानं मातीचा बांध फोडावा लागतो. काका दुपारी हे काम करतात. पोफळीच्या सावलीत बसून पाण्याचं टोक कोरड्या पाटातून पुढे सरकताना बघणं, यापलीकडे त्या दुपारी मी काही केलं नाही.

महाळुंग्यात विश्रांती म्हणजे दार लावून घेणं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, फोन पालथा. बाहेरचं आत येऊ द्यायचं नाही यातच अर्धी शक्ती जाते. रेवदंड्याला ओट्यावर बसलं की सगळं समोरून जातं. मासे विकून परतणारी कोळीण थांबून पाणी मागते, शाळेतली मुलं जातात, झावळ्या लादलेला टेंपो जातो, आणि यातल्या कशालाही अडवायची गरज वाटत नाही. सासूबाई काकूंच्या शेजारी बसून वालाच्या शेंगा निवडत होत्या आणि दोघींचं कुठल्या कुठे चाललं होतं. नवरा झोपाळ्यावर झोपून गेला होता. मला वाटतं, माणूस थकतो तो कामापेक्षा पुढे काय होणार या काळजीनं. चौल-रेवदंड्याला ती काळजी एकदाची वाहून झालेली आहे.

कारण या जागेनं फार मोठे दिवस बघितले आहेत. ग्रीक प्रवाशांच्या लिखाणात चौलचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांमध्ये चेमुलच्या दात्यांची नावं कोरलेली आहेत, ते चेमुल हेच. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादचा अल मसूदी इथे आला तेव्हा शिलाहार राजा झंझ राज्य करत होता. मसूदीनं गावाचं नाव सैमूर असं लिहिलं आणि इथे दहा हजार मुसलमान राहतात अशी नोंद केली. अरबस्तानातून घोडे यायचे, इथून कापड जायचं. जुन्नर, पैठण अशा घाटमाथ्यावरच्या पेठांना समुद्र दाखवणारं हे बंदर होतं.

रशियातल्या त्वेर शहराचा अफानासी निकितीन हा व्यापारी 1469 च्या सुमारास याच बंदरात उतरला. विकायला एक घोडा घेऊन आला होता. त्याच्यासारखा गोरा माणूस लोकांनी पाहिलेला नव्हता, त्यामुळे गर्दी त्याच्या मागे फिरायची, असं त्यानं लिहून ठेवलंय. इथून पाली करत तो घाट चढून जुन्नरला गेला आणि पावसाळाभर तिथे अडकला. जुन्नरच्या सुभेदारानं त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन म्हणाला. एका भल्या माणसानं मध्यस्थी केली म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. परतीच्या वाटेवर, गाव जवळ आलेलं असताना, तो वारला. रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी आलेल्या, तोफा न घेता आलेल्या या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटते. संध्याकाळी आम्ही तिथवर चालत गेलो. शाळा सुटलेली होती, दोन मुलं त्या चौथऱ्याला टेकून फोनवर गाणी ऐकत होती.

तोफा पुढे आल्याच. मार्च 1508 मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी पोर्तुगीजांना गाठलं. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. भारताच्या समुद्रात पोर्तुगीजांचा तो पहिला मोठा पराभव. बापानं पुढच्या वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. 1521 मध्ये अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानं परवानगी दिली आणि रेवदंड्याला किल्ला उभा राहू लागला. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहानं याच किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, तो फसला. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी समोरचा कोर्लईचा डोंगरही निजामशाहीकडून घेतला. खाडीच्या तोंडाच्या दोन्ही बाजू त्यांच्या हातात आल्या.

त्या भरभराटीच्या काळात चौलला रेशीम विणणारे कारागीर होते, लाखकाम करणारे होते, पेट्या आणि पलंग बनवणारे सुतार होते. जुनी माणसं 360 देवळं आणि 360 तळी असल्याचं सांगतात. आकडा खरा असो वा नसो, आज गावात कुठेही वळलं तरी एखादं तळं किंवा देवळाचा जुना चौथरा सापडतो हे मात्र खरं. आणि मग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्तरेला मुंबई वाढू लागली. इंग्रजांनी कारागिरांना बोलावून घेतलं आणि चौलचे रेशीम विणकर तिकडे जाऊन राहिले. एखादं शहर कशामुळे संपतं असं विचारलं तर वेढे आणि लढाया आधी आठवतात. चौल वेढ्यांत टिकलं होतं. माग उचलून माणसं निघाली तेव्हा त्याच्यातला जीव गेला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी तहानं रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पण तोवर ते भांडणाजोगं बंदर राहिलं नव्हतं. खाडी गाळानं भरत गेली, रस्त्यांवर वाड्या आल्या.

त्या विणकरांचा विचार माझ्या मनात सारखा येतो. महाळुंग्यात रोज सकाळी कंपन्यांच्या बसमध्ये चढणारी तरुण मुलं देशभरातून आलेली आहेत. ती आहेत तोवर आमच्या जमिनींना भाव आहे. उद्या त्यांचं काम दुसऱ्या गावी गेलं तर? चौलमध्ये असा विचार करताना भीती वाटत नाही हे विशेष. कारण विणकर गेल्यावरही चौल उजाड झालं नाही. जे उरले त्यांनी विहिरी धरल्या, पोफळी लावल्या आणि रामेश्वराच्या देवळात दिवा लावत राहिले.

रामेश्वराचं देऊळ आम्ही रविवारी सकाळी बघितलं. पुढे मोठी पुष्करणी, दीपमाळ, कौलारू सभामंडप. मंडपात जमिनीखाली कुंडं आहेत आणि त्यातलं पर्जन्यकुंड एरवी बंद असतं. पाऊस फारच ओढला तर गावानं ठरवून ते उघडायचं अशी रीत आहे. पुजाऱ्यांनी सासूबाईंना ते समजावून सांगितलं. शहर मोठं होतं तेव्हाही पावसाची वाट इतकीच बघितली जात असेल.

कोर्लईला मात्र शनिवारी सकाळीच जाऊन आलो होतो, कारण उन्हं वर आली की तो डोंगर चढवत नाही. खाली दीपगृह, तिथून पायऱ्या. किल्ला म्हणजे डोंगराची अरुंद धारच आहे. एकामागून एक दरवाजे ओलांडत जावं लागतं. वर पडक्या चर्चच्या भिंती, पोर्तुगीज राजचिन्हं कोरलेले दगड. एका बाजूला उघडा समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी. माथ्यावरून कुंडलिकेचा मळकट पट्टा समुद्राच्या हिरव्या पाण्यात कुठवर शिरतो ते दिसतं. जी नावं सासूबाई आदल्या दिवशी गाडीत घेत होत्या ती मला तिथे आठवली. आमच्या गावाशेजारून गेलेलं पाणी पूर्वेचा समुद्र गाठायला अर्धा देश ओलांडतं. हे इथे पोचायला एक कडा उतरतं.

सासूबाई चढल्या नव्हत्या. त्या खाली गावात चर्चपाशी एका घराच्या ओट्यावर थांबल्या होत्या. आम्ही उतरलो तेव्हा त्या घरातल्या आजींशी त्यांची छान ओळख झालेली होती. आजी त्यांच्याशी मराठीत बोलत होत्या, अगदी आगरी-कोळी वळणाच्या, आणि मध्येच आत वळून नातवाला काहीतरी वेगळ्याच भाषेत सांगत होत्या.

कोर्लईची ही बोली मी वाचून होते, कानांनी पहिल्यांदा ऐकली. गावातले ख्रिस्ती लोक तिला नोलिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. ही बोलणारी माणसं हजाराच्या आसपास आहेत. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची घडण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. पोर्तुगालहून आलेल्या माणसाला ही भाषा पटकन कळणार नाही आणि आपल्यालाही कळत नाही. पण ती ऐकताना तिची चाल ओळखीची वाटते. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं तिचा बरीच वर्षं अभ्यास करून 1996 मध्ये पुस्तक लिहिलं. किल्ल्यावरचे साधे शिपाई आणि इथलीच, गरीब घरांतली, ख्रिस्ती झालेली माणसं यांच्या संसारात ती तयार झाली.

1740 मध्ये पोर्तुगीज सत्ता इथून गेली. त्यानंतर ही भाषा बोला असं सांगणारं कुणी उरलं नाही. तिच्यावर नोकरी मिळत नव्हती, तिच्यात शाळा नव्हती, तिला लिपीसुद्धा नव्हती. तरी पावणेतीनशे वर्षं आया ती मुलांशी बोलत राहिल्या. व्हाइसरॉयच्या मुलाचा देह ज्या खाडीत गेला तिथे त्याची खूण शोधून सापडत नाही. रेवदंड्याच्या सांता बार्बरा मठाचा सातखणी मनोरा अर्धा ढासळलेला आहे आणि त्याच्या भिंतींत मुळं शिरली आहेत. चुलीपाशी बोललेलं मात्र राहिलं. तोफांच्या बळावर आलेल्या लोकांचं या किनाऱ्यावर सगळ्यांत टिकाऊ निघालेलं असं हेच एक, आणि ते त्यांच्यातल्या बलवानांनी मागे ठेवलेलं नाही.

मी आजींना विचारलं, नातवंडं बोलतात का.

“घरात बोलतात. बाजारात मराठी. आता शाळा इंग्रजी, त्यामुळे मुलं तिकडे ओढतात,” त्या म्हणाल्या. “पण भांडताना हीच येते.” आणि मोकळेपणानं हसल्या. उठताना त्यांनी सासूबाईंच्या हातात सुकवलेल्या जवळ्याची पिशवी दिली, पैसे काही केल्या घेतले नाहीत.

शनिवारी रात्री काकांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा भरल्या की अलिबाग तालुक्यात घरोघरी हा बेत होतो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मीठ-ओवा, पुन्हा शेंगा आणि वरून पाल्याचं बूच. मग मडकं उलटं ठेवून भोवती झावळ्या आणि पेंढा पेटवायचा. मडक्यावर पाण्याचे थेंब टाकून काका अंदाज घेत होते. थेंब चर्रकन उडाले तेव्हा त्यांनी जाळ काढला. भांबुर्डा हे शेताच्या बांधावर आपोआप उगवणारं तण, त्याची किंमत शून्य, पण त्याच्या वासाशिवाय पोपटी होत नाही. तेल नाही, पाणी नाही. शेंगा स्वतःच्याच ओलाव्यात शिजतात. आम्ही सगळे चटईवर गोल बसलो आणि गरम शेंगा सोलत बोलत राहिलो. नवरा आणि काका कान्होजी आंग्र्यांवर बोलत होते, सासूबाई आणि काकू सुनांवर, आणि मी दोन्हीकडे कान देऊन होते. बऱ्याच महिन्यांत इतकं शांत बसून मी जेवले नव्हते.

रविवारी निघायच्या आधी काकांबरोबर वाडीत एक फेरी मारली. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. काकांच्या आजोबांनी लावलेले माड मुळासकट पडले आणि पोफळी तर निम्म्याहून जास्त गेल्या. पोफळीचं खोड बारीक. एक पडली की शेजारच्या चार घेऊन पडते. वाडीतून आकाश दिसायला लागलं हेच त्यांना सोसेना, असं काकू म्हणाल्या. सावली गेल्यामुळे मिरवेली करपल्या, जायफळाची पानं गळली. भरपाईत झाडांचं मोल कसं धरायचं? पोफळीला फळ धरायला पाच-सहा वर्षं लागतात आणि वाडी पूर्वीसारखी गच्च व्हायला एक पिढी जाते.

त्याच सुमारास जमिनीचे दलाल फिरायला लागले. मुंबईहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी बोट 2020 मध्येच सुरू झाली होती, अलिबागच्या आसपासचे भाव चढत होते, आणि पडलेली वाडी बघून विकता का विचारणारे दर आठवड्याला येत. आजूबाजूच्या काही वाड्या गेल्याही. तिथे पोहण्याचे तलाव आणि उंच भिंती आल्या आहेत. मला हे बघताना घशाशी येतं. आम्ही महाळुंगेकर जमिनी विकून बसलेले आहोत, त्यामुळे विकणाऱ्याला बोल लावायचा अधिकार आम्हाला नाही, आणि ज्याच्या घरात मुलाचं शिक्षण किंवा आजारपण आहे त्यानं काय करावं हे मी कोण सांगणार. पण चौलला हजार-दोन हजार वर्षांत जे आपोआप उतरलं, निवलं, स्थिरावलं, ते पुन्हा उलट्या दिशेनं नेऊ नये असं मला पोटातून वाटतं. तटाच्या आतल्या त्या वाड्या पुरातत्त्व खात्याच्या भिंतींइतक्याच जपायला हव्यात. भिंत पडली तर दगड तरी राहतात.

काकांनी विकली नाही. वादळानंतरच्या पावसात त्यांनी पडलेल्या झाडांची खोडं बाजूला केली आणि त्याच आळ्यांत रोपं लावली. पाच उन्हाळे त्यांना हातानं पाणी दिलं, ऊन लागू नये म्हणून झावळ्यांचे आडोसे केले. आता त्या पोफळी डोक्याच्या बऱ्याच वर गेल्या आहेत.

“मुलगा येऊन बघेल?” सासूबाईंनी विचारलं.

“येतो की. गणपतीला आला तेव्हा दोघांनी मिळून सगळी आळी केली,” काका म्हणाले. “पुढचं त्याचं तो बघेल. मी माझं लावलं.”

बोलता बोलता त्यांनी एका पोफळीची पोय दाखवली. यंदा पहिल्यांदाच आली होती. तिच्यातल्या किती सुपाऱ्या धरतील, किती गळतील, आणि रोगावरची फवारणी पावसाच्या आधी करायची की पहिल्या सरीनंतर, यावर ते आणि नवरा गाडीचं दार उघडं ठेवून आणखी अर्धा तास बोलत उभे होते.